एक फोन, चार माणसं

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. तोवर दर पालक सभेत ‘मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका’ असं बजावणारे शिक्षक जूनमध्ये त्याच पालकांना ‘मोबाईल द्या, अभ्यास ग्रुपवर टाकलाय’ असं विनवू लागले. २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. मोकळ्या झालेल्या जागेत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात सर्वांत आधी भारतातच सुरू केली. दोन्हींची लांबी तेव्हा पंधरा सेकंद होती. कुणी ठरवून केलं नसेल, पण अवघ्या सहा महिन्यांत फोन शाळेच्याच सांगण्यावरून मुलांच्या हातात आला आणि त्याच काळात फोनमधला मजकूर कधी न संपणाऱ्या तुकड्यांचा झाला. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा फोन परत घेणं कुणालाच जमलं नाही.

मुलं, समाजमाध्यमं आणि त्यांचं मनःस्वास्थ्य यावर गेल्या दहा वर्षांत भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातलं बहुतेक अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातलं. त्यामागे एक गृहीत असतं: मुलाचा स्वतःचा फोन, स्वतःची खोली, स्वतःचं खातं. आपल्याकडच्या असंख्य घरांत चित्र निराळं आहे. फोन बाबांचा असतो. ते कामावरून आले की तो आधी धाकट्याकडे जातो, मग अभ्यासासाठी थोरलीकडे, रात्री मालिकेचा हुकलेला भाग बघायला आईकडे. यूट्यूबच्या लेखी चाळिशीतला एकच गृहस्थ ट्रॅक्टरच्या शर्यती, बडबडगीतं, दहावीचं बीजगणित आणि सासू-सुनांची भांडणं एकाच संध्याकाळी बघत असतो. या एका फरकामुळे परदेशी निष्कर्षांतलं काय आपल्याकडे टिकतं आणि काय गळून पडतं, ते पाहायला हवं.

आधी सर्वांत गाजलेला वाद. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी यांनी २०१७ च्या ‘आयजेन’ या पुस्तकात २०१२ च्या आसपास वाढू लागलेल्या किशोरवयीन नैराश्याचा संबंध स्मार्टफोनशी जोडला. २०२४ मध्ये जोनाथन हाइट यांच्या ‘द अँक्शस जनरेशन’ने तोच मुद्दा जगभरच्या पालकांपर्यंत नेला: मोकळ्या खेळावर वाढणारं बालपण गेलं आणि फोनवर वाढणारं बालपण आलं. कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मध्ये त्या पुस्तकाची झाडाझडती घेतली. दोन गोष्टी एकाच काळात वाढल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, आणि आधीच खचलेली मुलं फोनकडे जास्त वळत असतील ही शक्यता पुस्तक नीट हाताळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्याआधी २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची आकडेवारी तपासली होती. मुलांच्या समाधानातल्या फरकापैकी डिजिटल वापराशी जोडता येणारा वाटा त्यांना फार तर ०.४ टक्के दिसला. तुलनेसाठी त्यांनी बटाटे खाण्याशी असलेला संबंधही मोजला, तोही जवळपास तेवढाच निघाला. ‘फोन म्हणजे बटाटे’ असा मथळा मग बातम्यांना मिळणारच होता.

पण सरासरी फसवी असते. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोललेला अर्धा तास आणि मध्यरात्री अनोळखी माणसाशी झालेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा या हिशेबात सारख्याच धरल्या जातात. ऑर्बेन यांनीच सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये ब्रिटिश मुलांची आकडेवारी वयानुसार फोडली. मुलींत ११ ते १३ आणि मुलांत १४ ते १५ या वयात समाजमाध्यमांचा जास्त वापर आणि पुढच्या वर्षी कमी झालेलं समाधान यांचा संबंध ठळक दिसला. १९ च्या सुमारास तो दोघांतही पुन्हा दिसला. हे खरं असेल, तर सगळ्यांना लागू पडणारं एकच ‘योग्य वय’ शोधणं व्यर्थ आहे.

कंपन्यांच्या बाबतीत मात्र मला एवढी संदिग्धता दिसत नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. आधीच शरीराबद्दल न्यूनगंड असलेल्या दर तीन किशोरींपैकी एकीला इन्स्टाग्राममुळे अधिक वाईट वाटतं, हे कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवून ठेवलं होतं. लहान मुलांसाठी वेगळं इन्स्टाग्राम काढण्याचा बेत त्याच वर्षी गुंडाळून ठेवावा लागला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये १४ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूची न्यायिक चौकशी पूर्ण झाली. आत्मघाताविषयीचा जो मजकूर तिला सतत दाखवला जात होता, त्याचा तिच्या मृत्यूत वाटा होता, असं अधिकाऱ्याने लेखी नमूद केलं. शास्त्रज्ञ टक्केवारीवर भांडत असताना यंत्र कुणासाठी आणि कशासाठी बांधलं आहे, हा प्रश्न बाजूला पडतो. तो पडू देऊ नये असं मला वाटतं.

हा सगळा वाद किशोरवयीनांचा. लहान मुलांकडे आलं की पुरावा अधिक स्पष्ट होतो. समाजमाध्यमं मोठ्या मुलांची, ही समजूतही आता टिकत नाही. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की तिथल्या ५ ते ७ वर्षांच्या मुलांपैकी ३८ टक्के समाजमाध्यमं वापरतात आणि सुमारे एक चतुर्थांशांकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे. आपल्याकडे या वयाला स्वतःचा फोन क्वचितच असतो, पण ताट समोर आलं की बाबांचा किंवा आईचा फोन आपोआप समोर उभा राहतो. ‘त्याशिवाय जेवतच नाही हो’ हे वाक्य बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दिवसातून कितीदा ऐकू येत असेल!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, एक वर्षाच्या मुलालाही टाळा, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही याच अंगाची आहे. या आकड्यांमागची गोष्ट सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नीट कळते. त्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनीचे ध्वनी ऐकवले. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती बसून खेळत, वाचून दाखवत होती, तर काहींना त्याच व्यक्ती, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. समोरच्या माणसाकडून ऐकणारी बाळं ते ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. टीव्हीवाली काहीच शिकली नाहीत. बाळ शिकतं ते आपल्याकडे बघून उत्तर देणाऱ्या माणसाकडून. म्हणूनच दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर केलेल्या २०१४ च्या एका अभ्यासात व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून मुलांनी नवी क्रियापदं उचलली, आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओवरून नाही. पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातवाला रोज काऊचिऊची गोष्ट सांगत असेल, तर ती ‘स्क्रीन टाइम’च्या खात्यावर मांडायचं कारण नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दीड वर्षाखालच्या मुलांसाठी हाच एक अपवाद ठेवला आहे.

मिशिगनच्या जेनी रॅडेस्की यांचं काम याहून जास्त वाचलं जायला हवं. त्या आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या सुमारास पाच वर्षांखालच्या मुलांनी वापरलेली किंवा त्यांच्यासाठी म्हणून खपवली जाणारी १३५ ॲप तपासली, तर ९५ टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिराती होत्या. लाडकं पात्रच ‘हे विकत घे ना’ म्हणतं, आणि नाही घेतलं तर रडतं. लहान मूल चिडलं की हातात फोन देऊन गप्प करायची सवय लागली, तर पुढच्या महिन्यांत त्याची चिडचिड वाढते, असाही संबंध त्यांना आढळला, आणि तो मुलग्यांत जास्त ठळक होता. त्यांचा सर्वांत बोचरा अभ्यास मात्र मुलांचा नाहीच. २०१४ मध्ये बॉस्टनच्या फास्ट फूड दुकानांत त्यांच्या गटाने लहान मुलं घेऊन आलेल्या ५५ मोठ्या माणसांचं नुसतं निरीक्षण केलं. ४० जणांनी जेवताना फोन काढला. त्यातले बरेच त्यात इतके बुडाले की मुलं लक्ष वेधायला अधिकाधिक आरडाओरडा करू लागली आणि मग ओरडाही त्यांनीच खाल्ला. घरोघरी हेच चालतं. ‘मुलाचं मोबाईलचं वेड कसं सोडवू?’ असं पालकांच्या ग्रुपवर विचारणारा संदेश रात्री साडेअकराला आलेला असतो.

एकाच फोनवर चालणाऱ्या घरात हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा ठरतो. मोठ्यांच्या खात्यावर जे साचलेलं असतं तेच धाकट्याच्या पुढ्यात येतं. काकांनी ग्रुपवर टाकलेली दंगलीची क्लिप, आईने पाहिलेली गुन्हेगारी मालिका, बाबांचा पत्त्यांचा जुगार, सगळं त्याच पट्टीत. मुलांचं यूट्यूब निराळं असतं हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. माहीत असलं तरी एकाच फोनवर सतत खातं बदलत बसायला कुणाला वेळ असतो?

आपल्याकडचे ग्रामीण मुलांविषयीचे आकडे चांगले आहेत, आणि ते मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीतून येतात. २०२४ च्या पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होतं, पण प्रोफाइल खासगी ठेवणं जमणारे ५५.२ टक्केच आणि पासवर्ड बदलता येणारे ५७.७ टक्के. ज्यांना जगासमोर फोटो टाकता येतो, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो जगापासून लपवता येत नाही.

डिजिटल साक्षरतेची आपली कल्पना एमएस-सीआयटीच्या काळात घडली. या शतकाच्या सुरुवातीला एमकेसीएलने तो अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून पोहोचवला आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक झालं. काम मोठं होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यात साक्षर म्हणजे यंत्र चालवता येणारा: फाइल उघडणं, पत्र टाइप करणं, तक्ता करणं. आजची चार वर्षांची पोर यंत्र चालवायला कुणी न शिकवताच शिकते. तिला हवंय वेगळंच. हा व्हिडिओ मला का दाखवला? हे फुकट आहे तर पैसे कोण देतं? ही ताई खरंच हा साबण वापरते का? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हेच तपासलं, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना ‘प्रायोजित मजकूर’ असं छापलेली जाहिरात बातमी वाटली. ही मुलं यंत्र चालवण्यात तरबेजच होती.

शिकवता येतं, हेही दिसलेलं आहे. २०१८ मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग झाले. निमित्त होतं लसीकरणाविरुद्धच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवांचं. मुलांना घरच्यांचेच संदेश तपासायला शिकवलं गेलं. पुढे केरळने सत्यशोधनाचा भाग शालेय माहिती-तंत्रज्ञानाच्या पुस्तकांतही घेतला. घरातला फोन सामाईक असेल तर मूल शिकून आलं की आजोबांचा फॉरवर्डही थांबतो, हा त्याचा फायदा स्वतंत्र फोन असलेल्या घरात तितकासा मिळत नाही.

शाळेतल्या फोनबंदीबद्दल थोडक्यात. युनेस्कोने २०२३ मध्ये नोंदवलं की साधारण दर चार देशांपैकी एकात शाळेत फोनला मनाई आहे, आणि त्यानंतर आकडा वाढत गेला. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ३० शाळांची तुलना केली, तेव्हा कडक आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. कारण दिवसभराचा एकूण वापर बदलत नव्हता, शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघत होता. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दप्तरात फोन नसतोच. इथे प्रश्न संध्याकाळी साडेसहानंतर सुरू होतो.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने नेमकी हीच वेळ पकडली. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावात ठरलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत. पुढाकार सरपंचांचा, पाठबळ महिलांच्या ग्रामसभेचं. हे कसं जमणार, असं सुरुवातीला अनेकांना वाटलं. आशा सेविका, अंगणवाडीच्या ताई आणि शिक्षक घरोघर फिरले. बातमी पुढे देशभर आणि परदेशातही गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव केला.

दोन्ही गावांना एकाच माळेचे मणी समजलं गेलं, पण मला त्यांत मोठं अंतर दिसतं. बान्सीचा नियम मुलांवर आहे. वडगावचा भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, सरपंचांच्या घरातही. दीड तास बाबाही रील बघत नाहीत, म्हणून मूल ‘मलाच का?’ विचारत नाही. वर सांगितलेल्या बॉस्टनच्या अभ्यासाला गावाने न वाचताच उत्तर दिलं. शिवाय सात ते साडेआठ ही अभ्यासाची आणि चुलीपुढच्या गप्पांची वेळ. फोनमुळे नेमकं काय बुडतं हे ओळखून ती वेळ निवडलेली आहे. झोपेचंही तसंच: झोपण्याच्या वेळी हाताशी फोन असणाऱ्या मुलांत अपुऱ्या झोपेची शक्यता दुपटीच्या आसपास असते, असं २०१६ मधल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीने दाखवलं. किती तास बघितलं हे मोजण्यापेक्षा कुठल्या तासाला बघितलं हे विचारणं जास्त उपयोगाचं.

कायद्यांचा प्रवास मात्र वयाच्या आकड्यांभोवतीच फिरतो. तेरा हे वय अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आलं. त्यामागे बालमानसशास्त्र कमी आणि संसदेतली तडजोड जास्त होती. जगभरच्या कंपन्यांनी ते उचललं आणि ‘माझं वय तेरा आहे’ या चौकटीवर मुलं निमूट टिचकी मारू लागली. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या अखेरीस कायदा करून ते सोळा केलं. १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. दंड कंपनीला होतो, मुलाला किंवा पालकाला नाही, ही त्यातली चांगली बाजू. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तर बालक म्हणजे थेट अठरा वर्षांखालची व्यक्ती. तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, तिच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई, चूक झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. संमती पडताळायला डिजिलॉकरसारखी सोय त्यात आहे, आणि मुख्य तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत.

कागदावर हा कायदा अनेक देशांहून कडक आहे. पण तो खात्याला ओळखतो, आणि आपल्याकडचं मूल बाबांच्या खात्यात असतं. कायद्याच्या लेखी ते मूल नाहीच, ट्रॅक्टर बघणारा गृहस्थ आहे. त्याला जाहिराती दाखवायला कसलीच आडकाठी नाही. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत असुरक्षित मुलांपर्यंत संरक्षण पोहोचत नाही, ही या रचनेतली सर्वांत मोठी फट.

दुसरी फट उलट्या बाजूची: जिथे मूल बघणारं नसून दाखवलं जाणारं असतं. तीन वर्षांच्या मुलीला नऊवारी नेसवून लावणीवर नाचवलेले रील्स लाखोंनी पाहिले जातात. चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्या मुलांसाठी २०१७ चे बालकामगार नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, सलग तीन तासांनंतर विश्रांती, कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे सगळं निर्माता नावाच्या बाहेरच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. घरच्या हॉलमध्ये आईच कॅमेरा धरते तेव्हा नियम कुणाला लावायचे? फ्रान्सने २०२० मध्ये आणि अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०२४ पासून अशा मुलांची कमाई राखून ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे अजून कुटुंबाच्या हौसेचा मामला म्हणूनच त्याकडे पाहिलं जातं.

राहिला मुलींचा प्रश्न. ‘असर’ २०२४ मध्ये फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत २६.९ टक्के. आदल्या वर्षी १४ ते १८ या गटात हेच अंतर ४३.७ आणि १९.८ असं होतं. त्या पाहणीत अलार्म लावणं, यूट्यूबवर एखादा व्हिडिओ शोधणं अशा साध्या कामांतही मुली मागे होत्या आणि सुरक्षिततेच्या सेटिंग्ज त्यांना कमी ठाऊक होत्या. बुद्धीचा इथे संबंध नाही. ज्या फोनला हात लावायला भाऊ घरी नसण्याची वाट बघावी लागते, त्यात पासवर्ड बदलायला शिकणार कधी? मुलांना फोन वाईट, अशी हवा गावात तयार झाली की पहिला फोन मुलीच्याच हातातून काढला जातो. कुणी त्रास देऊ लागलं तर ती घरी सांगत नाही, कारण सांगितलं की फोन आणि कदाचित कॉलेजही बंद होणार हे तिला माहीत असतं. १९३० हा सायबर तक्रारीचा आणि १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक तिला शाळेच्या भिंतीवर दिसायला हवा, फोनच्या आत नव्हे. नव्या कायद्यातली पालकांची संमती संरक्षण म्हणून लिहिली आहे. पण बारावीतल्या अशा एखाद्या मुलीच्या घरी संमती देणारा, फोनचा मालक आणि तिचं इन्स्टाग्राम बघून तिला झोडपणारा असा एकच माणूस असेल, तर डिजिलॉकर त्याची ओळख बिनचूक पटवेल आणि पुढचं पान उघडेल.